तांबडी चिंधी

चोंढीचा नाका मागे पडला आणि जीपने पहिला आचका दिला. पद्माने क्लच दाबला, गियर खाली घेतला आणि पाय जरा जास्तच रेटला. गाडी पुढे गेली खरी, पण आवाज नेहमीचा नव्हता. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी हलवावा तसा खडखडाट बॉनेटखालून येत होता. आरशात पाहिलं तर मागे पांढऱ्या धुराचा लोट. दसऱ्याची सुट्टी धरून आलेल्या मुंबईकरांच्या गाड्या मागे लागल्या होत्या, आणि त्यातला प्रत्येकजण हॉर्नवर हात ठेवून बसला होता, जणू पद्मा हौसेनेच हळू चालवत होती.

“वयनी, गाडी खोकते,” शेजारी बसलेली तुळशी म्हणाली.

“काल झेंडूच्या माळा घालून मिरवली ना, दृष्ट लागली असेल,” पद्मा म्हणाली, पण तिचं लक्ष बोलण्यात नव्हतं. थळच्या अलीकडच्या वळणावर जीपने दोन-तीन गचके दिले आणि मान टाकली. उरल्यासुरल्या वेगात पद्माने तिला कडेच्या चिंचेखाली नेऊन उभी केली. पुन्हा चावी फिरवली. स्टार्टर गरगरला, इंजिनाने दाद दिली नाही.

ही काही दोन म्हाताऱ्यांची सहल नव्हती. शेजारघरच्या तुळशीला आठवड्यातून दोनदा अलिबागला डायलिसिसला न्यावं लागे. तिचा मुलगा न्हावा शेव्याला ट्रेलरवर ड्रायव्हर, घरी उगवला तर उगवला. एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नसत आणि रिक्षात बसलं की कंबर धरायची. पहिल्यांदा हा विषय निघाला तेव्हा पद्मा म्हणाली होती, गाडी आहे, मी आहे, आणखी चर्चा कशाला. तेव्हापासून एक फेरी चुकली नव्हती. वेळ चुकली की यंत्र दुसऱ्या पेशंटला देतात, आणि मग तुळशीचे पाय सुजतात, आडवं पडलं की श्वास कोंडतो. पद्माने ते एकदा पावसाळ्यात रस्ता बंद झाला तेव्हा पाहिलं होतं आणि पुन्हा पाहायची तिची तयारी नव्हती.

ती उतरली. बॉनेट उघडून बघितलं, सगळं जागच्या जागी. मग तिने टाकीचं झाकण उघडलं आणि आत डोकावल्यासारखं केलं. तुळशीही एव्हाना उतरून मोरीच्या कठड्यावर टेकली होती.

“वयनी, पेट्रोलचा भपका मारतो हाय. पेट्रोल वतलंस काय?”

“डिझेल ओतलं सकाळी. घरच्या कॅनमधलं.”

“ह्ये पेट्रोल हाय. हितपर्यंत वास येतो.” तुळशीने तिच्याकडे नीट पाहिलं. “तुला न्हाय येत?”

पद्माने झाकण घट्ट बसवलं, पदर कमरेला खोचला आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मांडव्याकडून येणारी एक मोठी पांढरी गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. काच खाली झाली. आतल्या पोराने सांगून पाहिलं की आंटी, जागा नाही. पद्माने मागच्या सीटवर नजर टाकली. तिथे समुद्रात पोहायची फुगवलेली ट्यूब ऐसपैस बसली होती. ही ट्यूब डिकीत गेली तर एक माणूस डायलिसिसला वेळेत पोचेल, असं पद्माने त्याला समजावलं. आवाज चढवला नाही. अलिबागच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सबंध नोकरी करून निवृत्त झालेली बाई ती, चढलेल्या आवाजांना खाली उतरवण्यातच तिची हयात गेली होती. पोरगा मुकाट्याने उतरला आणि ट्यूब काढायला लागला.

आत बसताना तुळशीने पद्माचा हात धरून ठेवला. मेले, तुझ्याशिवाय मी आत एकटी काय करू, असं काहीसं पुटपुटली. पद्माने तिला सांगितलं की सुई टोचायच्या आत मी पोचते, तू फक्त या पोरांना रस्ता चुकू देऊ नकोस. गाडी वळणाआड गेली तशी पद्मा चिंचेच्या मुळावर टेकली.

पेट्रोल. डिझेलच्या गाडीत पेट्रोल. आयुष्यात कधी नव्हे ते तिच्या हातून झालं होतं, आणि कसं झालं हे तिला बसल्याजागी लख्ख समजलं होतं.

या किनाऱ्यावर वादळ होऊन गेलं तेव्हा महिनाभर वीज नव्हती. नारळ, पोफळी आडव्या पडल्या त्या पडल्याच, पण उरल्या त्यांना पाणी कुठून द्यायचं? तेव्हापासून किहीमच्या प्रत्येक वाडीत इंधनाचे कॅन आले. पद्माच्या पडवीतही दोन होते, दोन्ही सारखे काळे. एकात पाण्याच्या इंजिनासाठी डिझेल, दुसऱ्यात गवत कापायच्या मशीनसाठी पेट्रोल. पेट्रोलच्या कॅनच्या मुठीला तिच्या नवऱ्याने, भाऊंनी, तांबडी चिंधी बांधून ठेवली होती. जुन्या चोळीची चिंधी, तेलाने काळवंडलेली. भाऊ जाऊन चार वर्षं झाली तरी कुणी तिला हात लावला नव्हता.

यंदा दसऱ्याला मुलगा अजेय आणि सून क्षिप्रा खारघरहून आले. खंडेनवमीला वाडीतली सगळी अवजारं धुवायची, हळदकुंकू लावायचं, ही इथली रीतच. कोयता, आकडी, नारळ सोलायची सुळी, पाण्याचं इंजिन, जीप, काही म्हणता काही सुटत नाही. क्षिप्रा मुंबईची, पण उत्साहाने पदर खोचून बसली. तिने कॅनसुद्धा साबणाने घासून काढले, ती मळकी चिंधी सोडून टाकली आणि दोन्ही मुठींना झेंडूच्या सारख्या माळा बांधल्या. तिला जीपच्या सीटही शाम्पूने धुवायच्या होत्या. त्या मात्र पद्माने धुऊ दिल्या नाहीत. का, ते सांगितलं नाही.

मग दसऱ्याला अजेय जुन्या मित्रांना भेटायला म्हणून जीप घेऊन गेला आणि टाकी खडखडीत करून आणली. सकाळी पद्मा निघायच्या घाईत पडवीत गेली. दोन काळे कॅन, दोघांच्या गळ्यात झेंडू. तिने जड होता तो उचलला आणि ओतला. दुसरं कुणीही असतं तर झाकण उघडल्याबरोबर मागे सरलं असतं. पद्मा सरली नाही, कारण तिला वासच येत नव्हता.

हे कुणाला म्हणजे कुणाला ठाऊक नव्हतं. साथीच्या दुसऱ्या वर्षी ती आणि भाऊ एकाच दिवशी दवाखान्यात गेले. ती एकटी परत आली, तीही वास हरवून. डॉक्टर म्हणाले होते, येईल महिन्या-दोन महिन्यांत. आला नाही. पद्माने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. फोडणी ती कानाने ओळखायची, दुधाच्या पातेल्यासमोरून हलायची नाही. मासळीचे कल्ले उचलून बघायची आणि कोळणीशी पूर्वीसारखीच हुज्जत घालायची. दारातला सोनचाफा फुलला की लोक थांबून वा म्हणत, तीही वा म्हणे. सांगितलं असतं तर पोराने दुसऱ्या दिवशी तिला उचलून खारघरच्या अकराव्या मजल्यावर नेऊन बसवलं असतं, अशी तिला खात्री होती. तो दरवर्षी निमित्तच शोधत असे.

आणि निमित्त चालून आलं. पद्माने चोंढीच्या रघू मेकॅनिकला फोन लावला होता. रघू आणि अजेय शाळेत एका बाकावरचे. त्यामुळे रघू त्याच्या स्कूटरवरून आला तो अजेयच्या गाडीला मागे घेऊनच. रघूने टाकीचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. अजेयने तोंडातून ब्र काढला नाही. तो गप्प बसला की पद्माला जास्त भीती वाटायची, बोलणाऱ्याशी बोलता तरी येतं. तिने जीपची चावी रघूच्या हातावर ठेवली आणि अजेयला सांगितलं, मला आधी अलिबागला सोड. तेवढं त्याने केलं. तुळशीला सुई लागायला अजून अवकाश होता.

संध्याकाळी जीप ओढून रघूच्या गॅरेजात गेली होती आणि तिघं पडवीत बसली होती. रघू नुकताच येऊन सांगून गेला होता की काकू, टाकी धुऊन काढली, फिल्टर बदलतो, परवा मिळेल. जुनी गाडी म्हणून वाचली, आजकालची असती तर सगळा पंप उतरवावा लागला असता. चावी आता परवाच लागणार म्हणून जाताना त्याने ती परत केली, तीही अजेयकडे. का, देव जाणे. पुरुषाच्या हातात चावी द्यायची सवय, दुसरं काय. अजेयने ती खिशात टाकली.

“आई, आता बास,” तो म्हणाला. “गाडी परत आणायची नाही. रघू भंगारवाल्याला सांगेल. तुळशीमावशींसाठी मी भाड्याची गाडी लावून देतो.”

“माझी गाडी रघू कोण भंगारात देणारा?”

“आज रस्त्यात बंद पडली. उद्या घाटात पडेल. सत्तरी आली तुझी. पेट्रोल कुठलं, डिझेल कुठलं कळेनासं झालंय, हे काही बरं लक्षण नाही.”

क्षिप्रा इतका वेळ खाली मान घालून झेंडूच्या पाकळ्या चुरगाळत होती. ती म्हणाली, “त्यांची चूक नाही रे. चिंधी मी काढून टाकली. मला ठाऊक नव्हतं ती खुणेची आहे.”

झालं. अजेयचा सगळा राग तिच्याकडे वळला. न विचारता हात लावायची तुला काय गरज होती, माणसं मेली असती, सगळीकडे स्वच्छता, स्वच्छता, तो सुटलाच. क्षिप्राच्या डोळ्यांत पाणी आलं. पद्मा बघत होती. आता ती नुसती तोंड मिटून बसली असती तरी निभावून गेलं असतं. चिंधी काढली सुनेने, सासू बिचारी काय करणार, परवा गाडी परत, विषय बंद. तिच्या मनात हे येऊन गेलं. नाही कशाला म्हणायचं? पण तिच्यापायी पोरीने बोलणी खावीत, आणि तीही खंडेनवमीला मनापासून राबल्याबद्दल, हे तिच्या घशाखाली उतरेना.

“तिला बोलू नकोस,” ती म्हणाली. “चिंधी नसली म्हणून काय झालं? पेट्रोलचा वास आंधळ्यालाही कळतो. मला कळला नाही, कारण मला वास येत नाही. भाऊ गेले तेव्हापासून.”

अजेय क्षिप्राला सोडून आईकडे वळला.

“चार वर्षं? आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंस?”

“घेऊन गेलो असतो इथून. आणि आता तर नेणारच. आई, गॅस गळला तर? तुला पत्ता लागणार नाही, आणि आम्हाला शेजाऱ्यांचा फोन येईल.” हे म्हणताना त्याचा आवाज फाटला. तोवर पद्मा भांडायच्या तयारीत होती, पण तो आवाज ऐकून तिला कळलं की पोरगा मुळात घाबरलाय. बापाच्या वेळी त्याला दवाखान्याच्या दाराच्या आत येऊ दिलं नव्हतं. ते तो अजून विसरलेला नाही.

ती उठून त्याच्याजवळ जाऊन बसली. गॅसचं त्याचं म्हणणं खरं आहे, हे तिने कबूल केलं. ती दर वेळी खालून बंद करते, पण माणूस आहे, विसरेल. तो काय तो वाजणारा भोंगा मिळतो ना, तो आण आणि स्वयंपाकघरात बसव, दोन बसव. रोज सकाळी फोन कर, मी उचलेन. हे सगळं तिने आपणहून सांगितलं, त्यामुळे अजेयला वाटलं, आई नमली.

“पण गाडी मी चालवणार,” पद्मा म्हणाली. “रस्ता मला दिसतो. हॉर्न ऐकू येतो. हातपाय चालतात. तुला चष्म्याशिवाय समोरची म्हैस दिसत नाही, तुझी गाडी दिली का कुणी भंगारात?”

“चष्म्याची गोष्ट वेगळी.”

“काही वेगळी नाही. तुझ्या डोळ्यांना चष्मा, माझ्या नाकाला तुळशी. टाकीत थेंब पडायच्या आधी ती वास घेईल. मी तिला नेते, तेवढं ती माझ्यासाठी करेल. तिने सकाळीच ओळखलं.”

अजेयने मान हलवली. चावी मिळणार नाही, असं त्याने सांगितलं, शांतपणे, लहान मुलाला सांगावं तसं. आणि तिथे पद्माचं डोकं फिरलं. एक्स्चेंजची पाळी शेवटच्या एसटीनंतर सुटायची, म्हणून भाऊंनी तिला ओहोटीच्या वेळी किहीमच्या पुळणीवर गाडी शिकवली होती. सबंध गाव बघायला जमलं होतं. बायको गाडी चालवणार आणि नवरा शेजारी विडी फुंकत बसणार, म्हणून लोक हसले होते. हाच अजेय तापाने फणफणला तेव्हा भर पावसात तिनेच त्याला याच जीपमधून अलिबागला नेला होता. तेव्हा नव्हतं कुणी विचारलं, बाई, तुला जमेल का.

“ती चावी खुशाल ठेव,” ती म्हणाली. “भाऊंची माझ्याकडे आहे. ती तुला मिळायची नाही. आणि मला उचलून न्यायचं असेल तर ने, मी काही जड नाही. पण तिथून मी एसटी धरून परत येईन, आणि पुन्हा नेलंस तर पुन्हा येईन. तू दमशील, मी दमणार नाही.”

मग ती आत गेली आणि भात लावला. त्या रात्री कुणी फारसं जेवलं नाही.

सकाळी अजेय आणि क्षिप्रा खारघरला निघाली. अजेय पाया पडला, पण बोलला नाही. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर पद्मा पडवीत आली, तर चावी खुंटीला होती. खाली दोन काळे कॅन. एकाच्या मुठीला नवीकोरी तांबडी चिंधी, जरीच्या काठाची, दुहेरी गाठ मारलेली. क्षिप्राने दसऱ्याला घेतलेल्या ओढणीचं टोक फाडलं होतं. पद्मा ती गाठ ओढून बघत थोडा वेळ तिथेच बसली आणि रडली. इतके दिवस आतल्या आत धरून ठेवलं होतं, ते बाहेर पडायला कुठलंतरी भोक लागतंच.

पुढच्या फेरीच्या सकाळी जीप अंगणात उभी होती. पद्माने डिझेलचा कॅन उघडून तुळशीच्या पुढ्यात धरला. तुळशीने एखाद्या मामलेदारासारखा गंभीर चेहरा केला, वाकून वास घेतला, पुन्हा घेतला.

“डिझेल हाय. वत.”

पद्माने ओतलं. जीप दुसऱ्या फिरकीला सुरू झाली, जरा खाकरली आणि मग नेहमीच्या आवाजात बोलायला लागली. फाटकाबाहेर पलीकडच्या नव्या कॉटेजातले लोक उभे होते, त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. बातमी गावभर झालेली होती, बघणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ती दिसतच होती. पद्माने कुणाकडे न बघता हॉर्न वाजवला.

तुळशीला आता काम मिळालं होतं आणि ती ते इमानेइतबारे करणार होती. रस्ताभर तिची वर्दी चालू झाली. हितं सुकट वाळत घातली हाय. हितं कुनीतरी कचरा पेटवलाय, प्लाश्टिकचा वास. नाक्यावर भजी काढतात, तेल मात्र जुनं हाय वयनी. पद्मा हसत होती. कितीतरी दिवसांनी तिला तो रस्ता पुरता भेटत होता. ऑक्टोबरचं ऊन चढायला लागलं होतं आणि उघड्या खिडकीतून गरम वारा आत येत होता.

थळच्या अलीकडची ती चिंच गेली. तुळशी जरा गप्प झाली, मग नाक उडवून म्हणाली, “बाकी काय बी म्हन, ह्या गाडीतला भाऊंच्या विडीचा वास काय जात न्हाय. सीटमधीच बसलाय.”

पद्माचा हात गियरवरच राहिला.

“अजून येतो?”

“मंग? रोज येतो. मी बोलंत न्हवते, म्हटलं तुला वाईट वाटल.” तुळशीने तिच्याकडे पाहिलं आणि तिला काय ते उमगलं. “येतो वयनी. आताबी येतो.”

पद्माने समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही. तिने आपल्या बाजूच्या खिडकीची काच फिरवत फिरवत पार वरपर्यंत नेली. मग पलीकडे हात करून तुळशीला तिच्याकडची काच वर घ्यायला खुणावलं.

“उकडतंय वयनी,” तुळशी काच चढवत म्हणाली.

“उकडू दे,” पद्मा म्हणाली आणि गियर बदलला.